टिप कुणाला, किती आणि कशी द्यायची

चार जण हॉटेलात जेवायला गेले की बिल आल्यावर टेबलावर चार मतं निघतात. एक म्हणतो दहा टक्के ठेवायचेच, दुसरा म्हणतो सुट्टे परत आलेत तेवढे राहू देत, तिसऱ्याचं म्हणणं पगार मिळतो ना त्यांना मग आपण कशाला द्यायचे, आणि चौथा नुकताच अमेरिकेहून आलेला असतो तो सरळ ५०० ची नोट ठेवून मोकळा होतो आणि बाकीच्यांना उगाच कानकोंडं होतं. मला यातलं कुठलंच मत पूर्ण चूक वाटत नाही. "पगार मिळतो ना" म्हणणारा माणूस कंजूषच असतो असं नाही, मालकाने नीट पगार द्यावा असं त्याला वाटत असतं आणि ते बरोबरच आहे. पण तोपर्यंत आपलं जेवण वाढून झालेलं असतं, टेबल पुसून झालेलं असतं आणि तो वेटर समोर उभा असतो, त्यामुळे नुसतं तत्त्व सांगून भागत नाही, काहीतरी ठरवावं लागतं.

निम्मा गोंधळ यामुळे होतो की टिप, पगार, बोनस, सर्व्हिस चार्ज आणि लाच हे सगळं आपण एकाच पिशवीत कोंबतो. ते वेगळं केलं की बरंच सोपं होतं. मी दोन गोष्टी पाळते, एक म्हणजे ज्याचे हक्काचे पैसे आहेत ते आधी आणि वेळेवर, आणि दुसरी म्हणजे टिप द्यायची तर ती ज्याने काम केलं त्याच्याच हातात पोचली पाहिजे. पुढे जे लिहितेय ते या दोन गोष्टींना धरूनच आहे. आकडे माझ्या अंदाजाने दिलेत, पुण्या-मुंबईकडचे आहेत, तुमच्या गावच्या आणि खिशाच्या हिशोबाने कमी-जास्त करा.

आधी घरापासून

घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना टिप द्यायची नसते, त्यांना पगार द्यायचा असतो. हे वाचायला सोपं वाटतं पण मी अशी घरं बघितलीत जिथे मावशींना पाहुणे येऊन गेले की शंभर रुपये, साडी, उरलेलं जेवण सगळं दिलं जातं आणि पगार मात्र तीन वर्षं तोच आहे, आणि वर "आम्ही तिला किती करतो" असं चालू असतं. त्या शंभर रुपयांवर त्यांना घरभाडं ठरवता येत नाही, मुलाच्या क्लासची फी ठरवता येत नाही. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात पगारवाढ, महिन्यातून ठरलेल्या सुट्ट्या आणि आजारपणात पैसे न कापणं, हे आधी करा. पाहुणे आले, जास्तीची भांडी पडली तर ते जास्तीचं काम आहे, त्याचे पैसे आधी बोलून ठरवून द्या, खूश होऊन दिल्यासारखे देऊ नका.

दिवाळीला एक महिन्याचा पगार जादा द्यायचा ही पद्धत बऱ्याच घरांत आहे आणि ती मनाने काढलेली नाही. १९६५ च्या बोनस कायद्यात कारखान्यांसाठी किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के ठरवला होता, म्हणजे बरोबर बारावा हिस्सा, म्हणजेच एका महिन्याचा पगार. घरकाम त्या कायद्यात बसत नाही, पण आपल्याला ऑफिसातून बोनस हवा असतो ना, मग हाच हिशोब घरी लावायला कुणाची ना नसावी. वर्ष पूर्ण झालं नसेल तर जितके महिने झाले तितका हिस्सा द्या. आणि अजून एक, महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ झालेलं आहे, तिथे नोंदणी करता येते, पण फॉर्म, आधार, दाखला या सगळ्यात मावशी अडकतात. अर्धा तास त्यांच्यासोबत बसून तो फॉर्म भरून दिलात तर त्याचा उपयोग कुठल्याही टिपपेक्षा जास्त होतो.

पुण्यात कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंबद्दल पण हेच. अनेकांना वाटतं त्या महापालिकेच्या पगारी आहेत आणि महिन्याचे पैसे मागतात म्हणजे वरकमाई करतात. तसं नाहीये. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे आणि त्यांची कमाई घरोघरच्या महिन्याच्या फीवर चालते. ती फी दोन-दोन महिने "नंतर या" म्हणून टोलवायची आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स द्यायचा, हे मला खरंच पटत नाही. फी एक तारखेला द्या. आणि सॅनिटरी पॅड, डायपर, फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळं द्या, त्यांचे हात त्यात जातात.

हॉटेलात बिल आल्यावर

आता मुख्य विषय. साध्या उडुपी किंवा मिसळीच्या हॉटेलात, जिथे दोघांचं बिल दीड-दोनशे होतं, तिथे १० ते २० रुपये पुरे. काउंटरवर आधी कूपन घेऊन स्वतःच आणायचं असेल तर काही द्यायची गरज नाही, पण टेबल साफ करणारे काका दिसले आणि खिशात दहाची नोट असेल तर त्यांना द्या, कारण त्यांना कुणीच देत नाही. फॅमिली हॉटेल, थाळीची हॉटेलं, बिल हजार-दीड हजार, तिथे ५० ते १००. त्याच्या वरच्या ठिकाणी ५ ते १० टक्के ठेवा, दहाच्या वर जायची आपल्याकडे तरी गरज नाही. थाळीच्या हॉटेलात एक लक्षात ठेवा की तिथे एक वेटर नसतो, भाकरीवाला वेगळा, भाजी-आमटीवाला वेगळा, ताकवाला वेगळा, त्यामुळे एकाच्या हातात ठेवलं तर बाकीच्यांना मिळेलच असं नाही.

म्हणून विचारायचं. मी सरळ विचारते, "दादा, टिप तुमची तुम्हालाच राहते की सगळ्यांची एकत्र होते?" कुणी या प्रश्नाला रागावलेलं मी पाहिलं नाही, उलट मोकळेपणाने सांगतात. काही ठिकाणी काउंटरजवळ डबा असतो, रात्री बंद करताना किंवा आठवड्याने वाटतात, त्यात भांडी घासणारा आणि तंदूरवाला पण धरलेले असतात, असं असेल तर बिनधास्त डब्यात टाका. काही ठिकाणी ज्याचं टेबल त्याची टिप. आणि काही ठिकाणी, हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं, डबा मालकाकडे जातो आणि त्यातून फुटलेल्या ग्लासचे पैसे कापतात. तसं कळलं तर डब्यात टाकूच नका, जाताना हातात द्या.

२०१६ मध्ये सुप्रीम कोर्टात आयटीसीच्या हॉटेलांची एक केस झाली होती, प्रश्न होता की गिऱ्हाईकाने कार्डावर दिलेली टिप हॉटेलने स्टाफला वाटली तर तो पगार धरायचा का आणि त्यावर टीडीएस कापायचा का. कोर्टाने सांगितलं की नाही, तो पगार नव्हे, कारण तो पैसा मालकाचा नाहीच, गिऱ्हाईकाने कामगारासाठी दिलेला आहे आणि मालक तो फक्त त्यांच्या वतीने मधे ठेवून घेतो. केस टॅक्सची होती, पण मला त्यातलं हे म्हणणं महत्त्वाचं वाटतं, की टिप मालकाची नसते.

आता यूपीआयचा घोळ. २०१६ ला यूपीआय आलं आणि आपण सगळे हळूहळू पाकीट घरी विसरायला लागलो. टेबलावर जो क्यूआर कोड असतो तो मालकाच्या खात्याचा, त्यावर बिलाचे ६४० ऐवजी ७०० पाठवले तर ते ६० रुपये मालकाच्या खात्यात जातात आणि वेटरला मिळाले का नाही हे आपल्याला कधीच कळत नाही. आमच्या घराजवळच्या एका हॉटेलात नांदेडकडचा एक मुलगा वेटर आहे, त्याला मी एकदा विचारलं की हल्ली टिप मिळते का रे, तर म्हणाला, "ताई, लोक चांगले आहेत हो, पण सुट्टे कुणाकडं नसतात. सॉरी दादा म्हणतात आणि फोन दाखवतात." त्याने हातात फोल्डर धरलेलं होतं, त्यात बिल, थोडी बडीशेप, दोन खडीसाखरेचे तुकडे, आणि नोटेची जागा रिकामी. पूर्वी बिल रोख द्यायचे तेव्हा परत आलेल्या सुट्ट्यातले दहा-वीस तसेच राहायचे, ते आपोआप बंद झालं. म्हणजे लोकांचं मन काही बदललं नाही, फक्त नोट गेली.

यावर माझा साधा उपाय म्हणजे महिन्याच्या सुरवातीला बँकेतून किंवा वाण्याकडून ५०० रुपये सुट्टे करून दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा घ्यायच्या आणि पर्सच्या एका कप्प्यात फक्त टिपसाठी ठेवायच्या, गाडीत पण थोड्या. ते जमत नसेल तर वेटरला विचारा, "तुमचा स्वतःचा नंबर आहे का, त्यावर पाठवते." पण हे मोठ्याने, मॅनेजरसमोर विचारू नका, काही ठिकाणी त्यांना ते चालत नाही आणि बोलणी त्या पोराला बसतात. आणि मुलगी वेटर असेल तर तिचा नंबर मागूच नका, तिला ते नको असतं, रोख द्या नाहीतर काउंटरवरून सुट्टे करून घ्या.

देण्याची पद्धत पण सांगते कारण मला त्याचं जास्त वाटतं. नोट टेबलावर फेकायची नाही, ओल्या ताटाखाली सरकवायची नाही. नजरेला नजर देऊन, "छान जेवण झालं दादा" म्हणून हातात द्या. "ए छोटू", चुटकी वाजवणं, शुक शुक करणं आणि मग शंभरची टिप, त्या शंभराने ते भरून येत नाही. आणि छोटू खरंच छोटा असेल, चौदाच्या आतला वाटत असेल, तर तिथे टिप देऊन पुढे जाऊ नका. त्या वयाच्या मुलाला हॉटेलात कामाला ठेवणं गुन्हा आहे, १०९८ वर फोन करून हॉटेलचं नाव-पत्ता सांगा.

सर्व्हिस चार्ज

बिलात खाली बारीक अक्षरात सर्व्हिस चार्ज १० टक्के असं छापलेलं असतं ते आधी बघा. ती टिप नाही आणि सरकारी टॅक्स पण नाही, हॉटेलवाल्याने स्वतः लावलेली रक्कम आहे, आणि त्याच्यावर पुन्हा जीएसटी लागतो. म्हणजे २००० चं जेवण, २०० सर्व्हिस चार्ज, झाले २२००, त्यावर ५ टक्के जीएसटी ११०, एकूण २३१०. सर्व्हिस चार्ज नसता तर २१०० झाले असते. हे २१० रुपये गेल्यावर आपण टिप देत नाही, आपल्याला वाटतं दिलीच आहे, आणि वेटरकडे त्यातलं किती पोचतं हे मालकालाच माहीत.

४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढले की हॉटेलने हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने पण लावायचा नाही, आणि गिऱ्हाईकाला सांगायचं की तो ऐच्छिक आहे. हॉटेलांच्या संघटना कोर्टात गेल्या, काही काळ स्थगिती होती, मग २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. तर बिलात दिसला की शांतपणे म्हणायचं, "सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या, टिप मी यांच्या हातात देते." वेटरवर चिडायचं नाही, त्याने लावलेला नसतो, मॅनेजरला बोलवा. नाहीच ऐकलं तर बिलाचा फोटो काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि काढून घेतलात तर मग खरंच टिप द्या! नियम सांगून दोनशे वाचवायचे आणि वेटरला ठेंगा दाखवून निघून जायचं, असं करणाऱ्यांमुळे पुढच्या गिऱ्हाईकाचं कुणी ऐकून घेत नाही.

दारात येणारे

फूड डिलिव्हरीला मी २० ते ३० देते, जोरदार पावसात किंवा रात्री अकरानंतर ५०. ॲपमध्ये टिप टाकायची सोय असते आणि कंपन्या सांगतात की ती पूर्ण रक्कम डिलिव्हरीवाल्याला जाते, पण मला हातात द्यायला जास्त आवडतं. पण एक सांगू का, त्यांना टिपपेक्षा पत्ता नीट हवा असतो. विंग, मजला, गेट कुठलं, फोन सायलेंटवर नको. पाच मिनिटं खाली ताटकळला की त्याची पुढची ऑर्डर उशिरा होते. काही सोसायट्यांत डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट वापरायला बंदी आहे, म्हणजे आपला पिझ्झा गरम हवा आणि तो आणणाऱ्याने सात मजले चढून यायचं, हे फार चूक आहे. तुमच्याकडे असं असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा, एकट्याने काढायला लागला तरी काढा.

गॅस सिलेंडरवाल्याचं जरा वेगळं आहे. घरगुती सिलेंडरच्या बिलात घरपोच आणून देण्याचा खर्च धरलेला असतो, त्यामुळे तो "वरचे पन्नास द्या" म्हणून अडून बसला तर द्यायची सक्ती नाही, एजन्सीकडे तक्रार करता येते. पण त्याच वेळी, १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून तीस किलोच्या आसपास ओझं तो खांद्यावर घेतो, आणि लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आणून देतो. तिथे मी न मागता वीस-तीस देते आणि पाणी विचारते. मागून घेतलेले आणि आपण होऊन दिलेले पन्नास सारखे नाहीत, निदान मला तरी नाही वाटत.

रिक्षाला मीटरचे ६८ झाले तर ७० देऊन सोडा, तेवढं पुरे. पार्लर-सलूनमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास, आणि ती काउंटरवर नाही, ज्या ताईने केस धुतले किंवा पाय चोळले तिच्या हातात. एसी, गीझर दुरुस्तीवाल्याला कंपनीचं बिल दिलं असेल तर टिपची गरज नसते, उन्हात आला असेल तर सरबत द्या.

बाहेरगावी गेल्यावर

टुरिस्ट गाडी घेऊन कोकणात, महाबळेश्वरला गेलात तर ड्रायव्हरचा भत्ता आणि नाईट हॉल्टचे पैसे हे ठरलेल्या भाड्यातले असतात, ती टिप नव्हे. निघायच्या आधी गाडीमालकाला विचारून घ्या की भत्ता त्याला रोज मिळतोय का ट्रिपच्या शेवटी. आणि ड्रायव्हरदादा रात्री कुठे झोपणार हे बुकिंगच्या वेळीच हॉटेलवाल्याला विचारा. आपण एसी रूममध्ये आणि तो गाडीत डासांत झोपलेला, आणि सकाळी सहाला त्याच्याच हातात स्टिअरिंग, यात धोका आपल्यालाच आहे. हे सगळं नीट झालं की ट्रिप संपताना दिवसाला दोनशे-तीनशेच्या हिशोबाने टिप द्या, घाटात नीट चालवली असेल तर थोडी जास्त.

हॉटेलमध्ये राहिलात तर सामान आणून देणाऱ्याला सगळेच देतात कारण तो दारात थांबतो. रूम साफ करणाऱ्यांना कुणी देत नाही कारण ते दिसत नाहीत. त्यांच्यासाठी रोज ५० ते १०० उशीवर किंवा टेबलावर "रूम साफ करणाऱ्यांसाठी" अशी चिठ्ठी लिहून ठेवा. रोज ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नाही, कारण ड्युटी बदलते आणि तीन दिवस बाथरूम घासणारीला काहीच न मिळता चौथ्या दिवशीच्या माणसाला सगळं मिळतं. चिठ्ठी का, तर नुसते पैसे दिसले तर विसरलेले समजून ते रिसेप्शनला जमा करतात. वंदे भारत, राजधानीमध्ये जेवण तिकिटात धरलेलं असतं (जेवणाचा पर्याय घेतला असेल तर) आणि उतरायच्या आधी बडीशेपेचा ट्रे फिरतो त्यात लोक नोटा टाकतात, पण आयआरसीटीसीने स्टाफला टिप मागायला मनाई केलेली आहे, तेव्हा ट्रे समोर आला म्हणून ओशाळून द्यायचं कारण नाही.

आणि ताडोब्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे आपली टिप जंगलापर्यंत पोचते. मोहर्ली, कोलारा अशा गेटवरून जिप्सी सुटतात, गाईड बहुतेक आसपासच्या गावातलेच असतात, त्यांची फी ठरलेली आहे. गाडीत बसल्या बसल्या काही लोक म्हणतात, "वाघ दाखव, पाचशे देतो." हे कधीच म्हणू नका. एकदा असं बोललं की गाईड आणि ड्रायव्हरवर दडपण येतं, मग कॉल (वाघ जवळ असला की हरणं-माकडं ओरडतात तो) ऐकू आला की गाडी पळवतात, दहा-बारा जिप्सी एका वाघाला दोन्ही बाजूंनी अडवून उभ्या राहतात, बछडी असलेली वाघीण रस्ता ओलांडू शकत नाही. आणि वाघ नाही दिसला तर त्याच गाईडला रिकाम्या हाताने घरी जावं लागतं, जरी त्याने तीन तास पगमार्क, पक्षी, झाडं सगळं मनापासून दाखवलं असेल. वाघ दिसणं न दिसणं त्याच्या हातात नाही. माझी पद्धत अशी की दोनशे-दोनशे गाईडला आणि ड्रायव्हरला, वाघ दिसो न दिसो, आणि ज्याने अंतर राखून गाडी उभी केली, इंजिन बंद ठेवलं, त्याला जास्त, आणि जास्त का दिले हे त्याला सांगायचं.

जिथे टिप द्यायचीच नाही

सरकारी दवाखान्यात मुलगा झाला की आधी पेढे आणि मग बाळ दाखवणार, स्ट्रेचर हलवायला आधी शंभर, दाखल्यावर सही करायला "चहापाणी". याला टिप म्हणू नका. काम अडवून आधी मागितलं की ती लाच, मग रक्कम वीस रुपये का असेना. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं पण गुन्हा आहे, फक्त जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली की देणाऱ्याला संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४ आहे, सेव्ह करून ठेवा. मला माहितीये की पेशंट आत असताना कुणी भांडत बसत नाही, मी कुणाला नावं ठेवत नाही, पण पेशंट सुखरूप घरी आल्यावर तरी तो फोन करा, कारण पुढच्या बाईकडे तेवढे शंभर पण नसतील.

दिवाळीची पोस्त

धनत्रयोदशीच्या आधी बेल वाजायला लागते, वॉचमन, पेपरवाला, दूधवाला, इस्त्रीवाला, लिफ्टवाला, सफाईवाले, पोस्टमन. काही जणांना हे भीक मागितल्यासारखं वाटतं, काही जण दार उघडत नाहीत, आणि काही जण इतके वाटतात की शेजारी म्हणतात तुम्ही सवयी लावून ठेवता. सवय लावणं हा शब्द मला आवडत नाही, वर्षभर पहाटे साडेपाचला पेपर दारात येण्याची सवय आपल्याला पण लागलेलीच असते.

आधीच यादी करा, नवरात्रात वगैरे, आणि प्रत्येकापुढे रक्कम लिहा. पेपरवाला मुलगा आणि पेपर एजन्सीवाला वेगळे असतात, बिल न्यायला येणाऱ्याला देऊन टाकलं तर सायकलवरून पेपर टाकणाऱ्या पोराला काही मिळत नाही, त्याच्यासाठी पाकिटावर त्याचं नाव लिहून सकाळी स्वतः द्या. वॉचमन एजन्सीचे असतात, बारा तासांच्या ड्युट्या, आणि दिवाळीत नेमका रात्रपाळीवाला कुणाला दिसत नाही. सोसायटीने प्रत्येक फ्लॅटमधून ठरावीक रक्कम गोळा करून सगळ्यांना सारखी वाटली तर ते सगळ्यात बरं, ज्यांना जास्त द्यायचंय ते वरून देतील आणि ज्यांना परवडत नाही त्यांना दारात उभं राहून लाजायला लागत नाही. फक्त ती यादी नोटीस बोर्डवर लावा, किती जमले आणि कुणाला किती दिले. सरकारी नोकर आहेत, म्हणजे पोस्टमन किंवा महापालिकेचे कायम कामगार, त्यांना मी पैसे देत नाही, घरचा फराळ देते, बसवून चहा देते. कुणी ओळखपत्र न दाखवता "महापालिकेकडून आलोय" म्हणून पोस्त मागत असेल तर त्याला देऊ नका, दिवाळीत असे फिरतात. आणि फराळ द्यायचा तर चांगला द्या, गेल्या वर्षी कुणीतरी दिलेल्या सोनपापडीचा बॉक्स पुढे सरकवू नका.

मुलांकडे अमेरिकेला जाताना

आईबाबा सहा महिन्यांसाठी जातात आणि पहिल्याच जेवणात वाद होतो, वीस टक्के कशाला? तिथलं गणित वेगळं आहे ते आधी समजून घ्या. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं केंद्राचं किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे आणि ते १९९१ पासून तेवढंच आहे, बाकीच्यांना ७.२५. टिप धरून ७.२५ होत नसेल तर फरक मालकाने भरायचा असतो, पण सगळी मदार टिपवरच असते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत वेटरला वेगळं कमी वेतन नाही, तिथेही टिप देतातच. म्हणून टेबलावर वाढून देणाऱ्या ठिकाणी टॅक्सच्या आधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के द्या, तिथे टिप न ठेवणं म्हणजे त्या माणसाच्या कमाईतून कापणं झालं. आधी कार्ड घेऊन जातात, मग स्लिप आणतात त्यावर टिप आणि टोटल दोन्ही हाताने लिहायचं असतं, घाबरू नका, लिहिलेलीच रक्कम कापली जाते. सहा-आठ जण असाल तर बिलात आधीच लावलेली असू शकते, वाचा, नाहीतर दोनदा जाईल. कॉफीच्या काउंटरवर स्क्रीन फिरवून २०-२५ टक्के विचारतात तिथे 'नो टिप' दाबलं तर काही बिघडत नाही. वेतन कमी आणि भार गिऱ्हाईकावर, ही पद्धत मला न्यायाची वाटत नाही, पण तिचा राग त्या वेटरवर काढू नका. जपानला गेलात तर याच्या उलट, तिथे टिपची पद्धतच नाही, ठेवली तर मागे धावत येऊन परत देतील.

सर्व्हिस खराब असेल तर

जेवण उशिरा आलं, भाजी खारट होती, यात वेटरचा दोष नसतो, त्याची टिप कापू नका, किचनची तक्रार मॅनेजरला करा. वेटरच उद्धट वागला तर नका देऊ, पण दोन रुपयाचं नाणं ठेवून अपमान पण करू नका. कॉलेजच्या मुलांकडे पैसे नसतात, त्यांनी टिपचं ओझं घेऊच नये, ताटं एकत्र करून ठेवली, टेबलावर सांडलेलं टिशूने गोळा केलं तरी खूप झालं. आणि कुणी खरंच मनापासून काम केलं असेल तर जाताना मॅनेजरला त्याचं नाव घेऊन सांगा, रिव्ह्यूमध्ये नाव लिहा. त्या नांदेडच्या मुलाला असाच रिव्ह्यू दाखवून मॅनेजरने पगार वाढवून दिला होता, हजार रुपये.